माळावरून हजर

टाळेबंदीत शाळा फोनमध्ये शिरली तेव्हा माझं पहिलं भांडण झालं ते अंगठ्याशी. मी हजेरीची नावं घेत होते आणि समोरून मुलं फोनवरचे पिवळे अंगठे पाठवत होती. एक अंगठा, दुसरा अंगठा, मग अंगठ्यांची रांगच. आमच्याकडं ज्याला सही येत नाही त्याला अंगठेबहाद्दर म्हणतात. नववीच्या पोरांना मराठी शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले, ते काय शेवटी अंगठे बघायला? मी फोनवर अशी कडाडले की स्वयंपाकघरातून नवरा उलथनं घेऊन बाहेर आला.

"अंगठा चालणार नाही," मी वर्गाला बजावलं. "नाव घेतलं की माईक चालू करायचा, स्वतःच्या तोंडानं 'हजर' म्हणायचं आणि माईक बंद करायचा. ज्याचा आवाज येणार नाही तो गैरहजर."

मी तापट आहे असं लोक म्हणतात. मी फक्त नियमाची पक्की आहे. हा नियम पुढं माझ्याच गळ्यात येणार होता, पण त्या दिवशी तरी पोरांनी अंगठे आत घेतले आणि एकेक 'हजर' ऐकू यायला लागलं.

शाळा आमची बजाजनगरात. वाळूजच्या कंपन्यांत कामाला आलेल्यांची ही वस्ती, त्यामुळे माझ्या वर्गात अख्खा मराठवाडा, थोडा खानदेश, थोडा विदर्भ आणि एखाददुसरा बिहार असतो. मी मात्र राहते शहराच्या दुसऱ्या टोकाला, बीड बायपासच्या पलीकडं. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा शेजारी ज्वारी उभी होती. मग दुष्काळाची वर्षं आली, एकामागून एक. ज्वारी बसली आणि बिल्डर उठले. शहर आमच्या दारावरून पुढं निघून गेलं. जाता जाता त्यानं आम्हाला मोबाइलचा टॉवर दिला, दोन मंगल कार्यालयं दिली, एक दातांचा दवाखाना दिला. पाण्याचा पाइप तेवढा द्यायचा राहिला. पुढं पाऊस चांगला झाला, पैठणचं धरण भरलं, लोक जाऊन फोटो काढून आले, पण ते पाणी काही आमच्या कॉलनीपर्यंत पोचलं नाही. टँकर आला तर पाणी, नाहीतर वाट बघा. अशी फोनला भरपूर रेंज आणि हंड्यांना कोरड असताना मी ऑनलाइन शिक्षण सुरू केलं.

साहित्य म्हणाल तर माळ्यावर एक गुंडाळफळा पडला होता. काळ्या कापडाचा, चटईसारखी गुंडाळी करून नेता येणारा. तो पडद्याच्या दांडीला टांगला. इस्त्रीच्या टेबलावर तांदळाचा डबा, डब्यावर पोह्यांचा डबा आणि त्याला टेकवून फोन, अशी सगळी मांडणी नवऱ्यानं केली. फळा अधूनमधून आपणहून गुंडाळी होऊन वर जायचा, तेव्हा तो खालून ओढून धरायचं कामही त्याच्याकडंच होतं. मुलांना फळ्याच्या खाली दोन बोटं दिसायची. ती कुणाची, असा प्रश्न एकानंही विचारला नाही.

पहिल्याच दिवशी मी फळ्यावर 'समास' लिहिलं आणि फोनमध्ये बघते तर अक्षरं उलटी, आरशात दिसतात तशी. मी हादरले. मुलांना उलटं दिसतंय म्हटल्यावर उपाय एकच, आपण उलटं लिहायचं. दार लावून मी उजवीकडून डावीकडं मराठी लिहायचा सराव केला. 'क' जमला, 'ळ' जमला, 'क्ष'नं घाम काढला. मग एके दिवशी फोनमध्ये बघत बघत मी एक लांबलचक, सरळ, देखणं वाक्य लिहिलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मुलं निमूट उतरवून घेत होती.

वर्ग संपल्या संपल्या गणिताच्या सरांचा फोन आला. हे सर जुन्या शहरातल्या शहागंजातले. घरी दखनी बोलतात, वर्गात अगदी पुस्तकी मराठी आणि माझ्याशी दोन्हींची खिचडी. फोनमधलं कळणारा शाळेतला एकटा माणूस म्हणून ते सगळ्यांच्या वर्गात डोकावून जायचे.

"मॅडम," सर मोठ्या अदबीनं म्हणाले, "आप मराठी पढारे ना?"

"म्हणजे काय!"

"नै, सीधे हाथ से लिखना शुरू किए तो मैं समझा उर्दू की क्लास रख दिए."

आपल्या फोनमध्ये आपल्यालाच उलटं दिसतं, मुलांना सरळच दिसतं, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. म्हणजे माझं ते देखणं वाक्य पोरांनी आरशातलं मराठी म्हणून उतरवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बाकावरच्या एका हुशार मुलाला विचारलं, अरे, उलटं दिसतंय हे सांगायचं नाही का? तो म्हणाला, "मॅडम, आम्हाला वाटलं ऑनलाइन म्हंजी असंच असतं."

अशी आमची गाडी जरा रुळावर आली आणि एका सकाळी हजेरीच्या शेवटाकडं मी एका मुलीचं नाव घेतलं. गेल्या वर्षापासून माझ्या वर्गात असलेली ही मुलगी म्हणजे शेवटच्या बाकावरची अबोल. बोलायची नाही याला कारण होतं. आठवीत आल्या आल्या तिनं एकदा उभं राहून उत्तर दिलं होतं, "व्हय मॅडम, म्या वाचलंय," आणि शहरात मुरलेली पोरं खीः खीः करून हसली होती. मी त्यांना झाडलं, पण उपयोग झाला नाही. तिनं जे तोंड मिटलं ते मिटलंच. वर्षभर ती हजेरीलाही नुसता हात वर करायची. ऑनलाइन वर्गात तर ती आलीच नव्हती. आज तिचं नाव घेतलं आणि फोनमधून आवाज आला, "हजर!"

आवाज बापई, चांगला भरदार. मागं घंट्यांची किणकिण.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

"म्या."

"म्या म्हणजे कोण?"

"तिचा बाप, बाई."

"मुलगी कुठं आहे?"

"ती घरी हाय. फोन माझ्यापाशी हाय. तुमी सांगा काय सांगायचं ते, म्या सांजच्याला तिला सांगतो."

मुलांचे माईक बंद होते, पण पडद्यावरचे सगळे खांदे हलताना दिसत होते. मी म्हटलं, अहो, हा वर्ग आहे, टपाल नाही. तर म्हणाले, "व्हय व्हय, चालू द्या," आणि बसले ऐकत.

वर्ग संपल्यावर मी त्यांना फोन लावला. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून लावला होता. माणूस वाळूजला एका कंपनीत ठेकेदाराकडं कामाला होता. टाळेबंदीत ठेकेदारानं हात वर केले तसं बजाजनगरची खोली सोडून सगळं कुटुंब गावी, देवगाव रंगारीला गेलं. तिथं भावाच्या मेंढ्या होत्या. पिढीजात काम; तेच पुन्हा धरलं.

"मग फोन घरी ठेवत जा ना मुलीपाशी."

"घरी ठिवला तर त्यात तुमी येत नाय, बाई. आमची वस्ती खाली वढ्यापाशी. रेंज निस्ती माळावर."

"मग मुलीला माळावर न्या बरोबर."

"कोकरं हायत ना घरी. बारकी हायत, त्यान्ला अजून माळ चढवत नाय. मागल्या साली लांडग्यानं दोन उचलली. कुणी तरी पाहिजे त्यांच्यापाशी. तिची माय कापूस येचायला जाती, ही कोकरं बघती." आणि पुढं म्हणाले, "ती मला म्हनली, आबा, मॅडम नाव घेत्याल. कुणी काय म्हनलं नाय तर गैरहजर लावत्याल. म्हनून म्या हजर म्हनलो. चुकलं का?"

फैलावर घ्यायचं राहूनच गेलं. माझ्याच नियमानं मला कोंडीत धरलं होतं. आवाज आला तर हजर असं मीच म्हटलं होतं. कुणाचा आवाज ते सांगायचं राहिलं होतं.

मी गणिताच्या सरांना विचारलं, काय करू? सरांनी गणित सोडवावं तसा विचार केला. "बाप की हाजरी नक्को लिखो मॅडम," ते म्हणाले, "पन बाप को निकालो बी नक्को. आधा घर तो आरा ना क्लास में."

मग मी त्यांना ठेवून घेतलं. हजेरीत तिच्या नावापुढं पेन्सिलीनं टिंब द्यायचे. ना हजर, ना गैरहजर.

या विद्यार्थ्याच्या खोड्या फार. पहिली म्हणजे त्यांना माईक बंद करता यायचा नाही. ते बटण दाबलं की सगळंच बंद पडतं, अशी त्यांची तक्रार. त्यामुळे माझ्या प्रत्येक तासाला घंट्या, बें बें आणि मधूनच एक लांब "हिर्र्र्र" असायचं. मी प्रयोग समजावत असायचे, 'रामाने रावणास मारले', आणि माळावरून आवाज यायचा, "आरं तिकडं कुठं मरायला चालली!" वर्ग लोळायचा. दुसरी खोड म्हणजे हुंकार. गोष्ट सांगणाऱ्याला देतात तसा ते प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायचे. "हं... हं... मंग?" सुरुवातीला मला त्याचा संताप आला. पण ज्यांनी बंद माईकच्या वर्गाला शिकवलंय त्यांनाच माझं दुःख कळेल. समोर चाळीस चौकोन, आणि त्यांत कुणाचं कपाळ, कुणाचा पंखा, कुणाची नुसती भिंत. विहिरीत ओरडलं तरी निदान आपला आवाज परत येतो; इथं तोही नाही. अशात माळावरून येणारं ते एक "हं" मला फार बरं वाटायला लागलं. एखाद्या दिवशी वाऱ्यानं ते ऐकू आलं नाही तर मी बोलता बोलता थांबायचे, हे मी कबूल करते.

पण प्रश्न होता तो धडा मुलीपर्यंत पोचतो कसा याचा. मी अलंकार शिकवले त्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं. हजेरी झाल्यावर ते स्वतःच म्हणाले, "बाई, कालच्याला जरा घोटाळा झाला. म्या घरी सांगितलं, बाईनं आज दागिन्यांचं सांगितलं, तासभर सांगितलं. तर तिची माय म्हनली, कोन्ते कोन्ते? मला एकबी सांगता येईना. उपमा ध्यानात ऱ्हायली. ती म्हनली, उपमा तर खायचा असतो."

"आणि मुलगी काय म्हणाली?"

"ती हसून हसून कोकरावर पडली."

ती मुलगी हसू शकते हे मला पहिल्यांदाच कळलं.

त्या दिवसापासून मी युक्ती काढली. गावी गेलेल्या मुलांकडं पुस्तकं नव्हतीच. मग मी स्वतःच एक गोष्ट लिहायला घेतली. रोज एक पान लिहायचं, त्याचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा आणि त्या पानावरूनच व्याकरण शिकवायचं. फोटो माळावर फोनमध्ये उतरायचा आणि संध्याकाळी बापाबरोबर वस्तीवर जायचा, म्हणजे मुलगी वाचणार. गोष्ट होती दौलताबादच्या बाजाराला सीताफळं घेऊन जाणाऱ्या एका म्हातारीची आणि तिच्या गाढवाची. गाढव रोज किल्ल्याखालच्या एकाच वळणावर अडून बसायचं आणि म्हातारी रोज त्याला हलवायला नवी शक्कल लढवायची. मोठी साहित्यिक गोष्ट नव्हती ती. पण मी पान संपवलं की माळावरून प्रश्न यायचा, "मंग? गेलं का गाढव?" आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणायचे, "उद्या."

एकदा वर्गानंतर मी त्यांना सहज विचारलं, तुम्ही स्वतः किती शिकलात?

"चौथीत व्हतो. त्या साली इकडं चारा नव्हता, पानी नव्हतं. आमच्या मेंढ्या चालत गोदाकाठानं गेल्या, त्यांच्या मागं आमी. शाळा कशी येईल मागं चालत? माघारी आलो तर मास्तर म्हनले, तुझं नाव कमी केलंय." ते हसले. "म्या तवा ल्हान. मला वाटलं, नाव कमी केलं म्हंजी नावातलं एखादं अक्षर काढलं आसंल."

मला हसू आलं नाही. कारण त्याच आठवड्यात आमच्या मुख्याध्यापिका बाईंचा फोन येऊन गेला होता.

मुख्याध्यापिका बाई वाईट नव्हत्या, फक्त त्यांना वरून विचारणारं कुणीतरी होतं. जी मुलं ऑनलाइन वर्गाला येत नाहीत ती शाळा सोडून गेली असं धरून त्यांची नावं कमी करायचं चाललं होतं. मी पाठवलेल्या हजेरीच्या फोटोतल्या पेन्सिलीच्या टिंबांवर त्यांचं बोट पडलं. हे काय आहे? मी खरं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, "अहो, नववीत मुलगी शिकतेय का बाप?"

"दोघंही."

"बापाची हजेरी मला चालणार नाही. महिनाअखेर मी स्वतः तुमच्या वर्गात बसणार. मुलगी स्वतः बोलली पाहिजे. आणि एक दिवस आणून उभी केलेली पाहुणी नको, पुढं रोज येणारी पाहिजे. नाहीतर नाव कमी."

मी तावातावानं पुष्कळ बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी पुन्हा "महिनाअखेर" एवढंच म्हणाल्या.

नववीत नाव कमी झालेली मुलगी दहावीला पुन्हा शाळेत दिसत नाही, हे मी इतक्यांदा बघितलंय. आणि हे त्या माणसाला मी सांगायचं, ज्याला नाव कमी होणं म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सांगितलं. ते फक्त म्हणाले, "कोकरं चरायला लागली की ती बी येती, बाई. तवा कोकरं बी माळावर येत्यात."

"मग कधी लागतील?"

"त्यांच्या मनावर हाय."

तेव्हापासून माझं सगळं लक्ष देवगाव रंगारीच्या कोकरांकडं लागलं. हजेरी झाली की मी विचारायचे, कोकरांनी काही खाल्लं का? "आज एकानं पान हुंगलं, बाई." दुसऱ्या दिवशी, "हुंगून थुकलं." वर्गालाही त्याचं वेड लागलं. मुलं माईक चालू करून विचारायला लागली, "काका, कोकरं?" एका मुलीनं तर शब्दयोगी अव्ययाला उदाहरण दिलं, 'कोकरांमुळे'. नवरा म्हणाला, "नात झाली असती तरी तू एवढी चौकशी केली नसतीस." मी म्हटलं, नातीला लगेच हिरवं खावं लागलं नसतं. शेवटी शेवटी बातम्या जरा सुधारल्या. दोन कोकरांनी बाभळीच्या शेंगा चघळल्या. मग चौघांनी गवत कुरतडलं. पण माळ चढायचं अजून एकही नाव काढत नव्हतं. त्यात महिना संपत आला.

तो दिवस उजाडला. मुख्याध्यापिका बाई सिडकोतल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून चष्मा लावून पडद्यावर आल्या. गणिताचे सर काही बिघडलं तर असावेत म्हणून कोपऱ्यातल्या चौकोनात बसले. मुलं भांग पाडून आलेली. मी सकाळीच गोष्टीचं नवं पान ग्रुपवर टाकून ठेवलं होतं. माळावरचा चौकोन उघडा होता; त्यात आभाळ दिसत होतं आणि मधूनच एका मेंढीचा कान. कोण आहे तिथं ते कळत नव्हतं. विचारायचा मला धीर झाला नाही. मी हजेरी सुरू केली, जितकी सावकाश घेता येईल तितकी.

अर्ध्याच्या पुढं गेले असेन, एवढ्यात आमच्या गल्लीत शेजारणीनं बोंब ठोकली, "टँकर आलाऽऽऽ!"

आता हे बाहेरच्या माणसाला समजवावं लागेल. दुष्काळाच्या त्या वर्षांनी या शहराला काय शिकवलं असेल तर हे एक वाक्य. ते कानावर पडलं की डोकं विचार करत नाही, पाय करतात. आमच्या गल्लीत सत्यनारायण चालू असताना टँकर आला तर भटजी कलंडलेला कलश सरळ करत एकटेच उरतात. मीही मुख्याध्यापिका विसरले, महिनाअखेर विसरले, हातातला खडू टाकला आणि दोन्ही हंडे घेऊन धावले. नवऱ्यानं फळा सोडला, फळा सर्रकन गुंडाळी होऊन वर गेला, आणि तो पाइप घेऊन माझ्या मागं.

माझा माईक चालू होता, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. शेजारणीची ती बोंब बजाजनगरच्या गल्ल्यांत, शहागंजात, सिडकोत, जिथं जिथं माझा वर्ग उघडा होता तिथं तिथं जशीच्या तशी पोचली होती.

ड्रम भरून, पदरानं तोंड पुसत मी परत आले आणि फोनकडं बघितलं. चौकोनाचौकोनांत रिकाम्या खुर्च्या, सतरंज्या, फिरणारे पंखे. एका चौकोनातून दूर कुणाची तरी आई ओरडत होती, "कुठंय टँकर? कोण म्हणलं टँकर?" मुख्याध्यापिका बाईंची खुर्ची कलंडलेली. सरांच्या घरातून बालद्यांचा खणखणाट. पळालं नव्हतं ते एकच ठिकाण, जिथं टँकर कधी येतच नाही. माळावरचा चौकोन तसाच उघडा होता आणि त्यातून एक बारीक, खणखणीत आवाज येत होता.

"...म्हातारीनं गाढवाच्या कानात काय सांगितलं ते कुनालाच ऐकू आलं नाय. पर गाढव जाग्यावरनं हालंना..."

माझं आजचं पान, फोनवरून वहीत उतरवून घेतलेलं असावं. मी 'हलेना' लिहिलं होतं, 'कुणालाच' लिहिलं होतं. पण वाचणारीच्या तोंडी ते तसंच शोभत होतं.

"हं," बाप म्हणाला. "मंग? गेलं का?"

"थांबा की आबा, वाचती ना! मधीमधी नका बोलू."

मी हंडा हातात धरून तशीच उभी राहिले. वर्ष दीड वर्ष जिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता ती मुलगी बापाला दटावत होती. तिला वाटत होतं सगळे पाण्याला गेलेत, आपलं आपण वाचावं. मागं कोकरांचं कोवळं बें बें चाललं होतं. माळ चढली होती एकदाची.

मुख्याध्यापिका बाई धापा टाकत परत आल्या. कमरेवर रिकामी कळशी होती आणि तोंडावर मला सुनवायचं बरंच काही होतं. तेवढ्यात त्यांच्या कानावर तो आवाज पडला. त्यांनी कळशी अलगद खाली ठेवली. मग सर आले, मग एकेक करून मुलं आली, कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या रिकामी बादली. मी तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. सगळी उभ्या उभ्या ऐकत राहिली. कुणी हसलं नाही. मुलीनं वाक्य संपवलं, मान वर केली असावी, आणि तिला फोनमध्ये सगळा वर्ग आपल्याकडं बघताना दिसला. आवाज तुटला.

मला वाटलं, मिटलं तोंड, झालं. आणि तेवढ्यात त्या पहिल्या बाकावरच्या मुलानं, आठवीत सगळ्यात मोठ्यानं हसलेल्या त्याच मुलानं, माईक चालू केला.

"मंग?" तो म्हणाला. "गेलं का गाढव?"

तिनं पान शेवटपर्यंत वाचलं. गाढव गेलं नाही. ते उद्यावर टाकलं होतं, त्यामुळे वर्गानं मला शिव्या दिल्या. मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मॅडम, हजेरी अर्धी राहिलीये. पूर्ण करा. आणि टँकर तुमच्याकडं आला होता तर तसं सांगत जा. मी तीन मजले उतरले."

मी उरलेली नावं घेतली. तिचं घेतलं.

"हजर, मॅडम," ती म्हणाली. "उद्या बी येनार हाय. कोकरं आता माळावरच."

मी पेन उचललं. डोळ्यांत पाणी होतं, आणि चाळीस पोरांपुढं ते लपवायला माझ्याकडं पदरही कोरडा नव्हता. तेवढ्यात मागून तो भरदार आवाज आला, पहिल्यांदाच जरा दबकत.

"बाई, म्या बी हजर हाय. पर लिहू नका."

मी लिहिलं नाही. पण पुढं शाळा उघडेपर्यंत रोज हजेरीत तिचं नाव झालं की मी पुढच्या नावाआधी जरा थांबायचे. आणि दर वेळी माळावरून कुणीतरी हळूच खाकरायचं.